घरातील हवा

ऊन, पाऊस आणि वारा यांपासून रक्षण व्हावे म्हणून मनुष्य घर बांधतो. भिंती उभ्या राहिल्या, वर छप्पर आले, दार लागले, की बाहेरचा पाऊस बाहेर राहतो आणि घरातली ऊब घरात राहते. परंतु ज्या भिंती बाहेरचा वारा अडवतात, त्याच भिंती आतली हवाही अडवून धरतात. चुलीचा धूर, दिव्याची काजळी, माणसांचे उच्छ्वास, ओलसर भिंतीवरील बुरशी या साऱ्यांची भर त्या कोंडलेल्या हवेत पडत राहते. गावाबाहेर कारखान्याचे धुराडे धूर ओकू लागले, की हवा बिघडली असे सर्वजण म्हणतात. घराच्या आतली हवाही बिघडू शकते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. कारण रोजच्या सवयीच्या गोष्टीकडे कोणी निरखून पाहत नाही.

प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे १० ते १२ हजार लिटर हवा श्वासावाटे आत घेतो. इतके अन्न किंवा इतके पाणी कोणाच्याही पोटात जात नाही. पाणी गढूळ असले तर ते गाळून, उकळून घेता येते. अन्न शिळे असले तर ते बाजूला सारता येते. हवेची निवड करण्याची सोय मात्र मनुष्याला नाही. जेथे तो बसला असेल, तेथली हवा त्याला घ्यावीच लागते. शहरातील माणसांचा दिवसाचा बहुतेक वेळ तर छपराखालीच जातो. म्हणूनच घरातील हवा कशी आहे, ती कशाने बिघडते आणि बिघडली तर शरीरावर काय परिणाम होतो, या प्रश्नांचा अभ्यास शास्त्रज्ञ दीडशेहून अधिक वर्षे करीत आले आहेत.

या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत जर्मनीतील म्यूनिक शहरचे माक्स फॉन पेटेनकोफर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १८१८ सालचा. माणसांनी भरलेल्या बंद खोलीत काही वेळ बसले, की जीव गुदमरल्यासारखा का होतो, या साध्या प्रश्नाचा त्यांनी पिच्छा पुरवला. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली, तर ती निवळी दुधासारखी पांढरी होते. उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड वायूमुळे हा बदल घडतो. मोकळ्या हवेत हा वायू आज दर १०,००० भागांत ४ भागांहून थोडा अधिक असतो. उच्छ्वासात मात्र तो दर १०० भागांत सुमारे ४ भाग, म्हणजे जवळजवळ शंभरपट असतो. चुन्याच्या निवळीसारखाच गुण असलेले बेरियमचे पाणी वापरून खोलीतील हवेत हा वायू नेमका किती आहे, हे मोजण्याची रीत पेटेनकोफर यांनी सिद्ध केली. आपले निष्कर्ष त्यांनी १८५८ साली प्रसिद्ध केले.

त्यांनी घालून दिलेला नियम सुटसुटीत होता. खोलीतील हवेच्या १,००० भागांत या वायूचा १ भाग झाला, की ती हवा राहण्यास योग्य नाही असे समजावे. एवढ्या थोड्या प्रमाणात हा वायू स्वतः विषारी असतो, असे त्यांचे म्हणणे नव्हते. दारापुढे काढून ठेवलेल्या जोड्यांवरून आत पाहुणे किती आले आहेत याचा अंदाज यावा, त्याप्रमाणे या वायूच्या मोजमापावरून खोलीतील हवा किती वापरली गेली आहे, याचा अंदाज येतो, एवढाच त्यांचा आशय होता. २०२० साली कोविडची साथ जगभर पसरली, तेव्हा अनेक देशांतील शाळांनी वर्गांत हाच वायू मोजणारी लहान यंत्रे बसवली. एकाच्या उच्छ्वासातील रोगजंतू दुसऱ्याच्या श्वासात जाण्याचा संभव किती, हे त्यावरून ताडता येत होते. पेटेनकोफर यांचा नियम असा दीडशे वर्षांनंतरही उपयोगी पडला.

त्यांची आणखी एक शिकवण प्रसिद्ध आहे. खोलीत उकिरडा साचला असेल, तर वारा खेळवून दुर्गंधी घालवण्याचा खटाटोप करू नये, आधी उकिरडाच हलवावा, अशा अर्थाचे त्यांचे सांगणे होते. हवा बिघडवणारे कारण मुळातच दूर करावे; जे दूर करता येत नाही, त्याच्यासाठी खिडक्या उघडाव्यात. या उपदेशाचे मोल पुढील हकिगतीवरून कळून येईल.

पेटेनकोफर यांच्यापुढे म्यूनिकमधील राहती घरे आणि माणसांनी भरलेल्या खोल्या होत्या. भारतातील खेड्यांत मात्र उच्छ्वासापेक्षा मोठा प्रश्न चुलीचा होता. ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण अडचणी सर्वत्र सारख्याच असतात, हे सांगण्यासाठी वापरली जाते. पण तिचा शब्दशः अर्थही तितकाच खरा होता. पहाटे अंधारात चूल पेटे. गोवऱ्या, काटक्या, तुराट्या जे हाती लागेल ते सरपण. पावसाळ्यात तेही ओले. फुंकणीने फुंकून फुंकून गृहिणीचे डोळे लाल होत, ठसका लागे, भिंती आणि आढे काजळीने काळेभोर होत. कडेवर किंवा जवळच पाळण्यात तान्हे मूल असे. हे चित्र इतके नित्याचे होते की त्यात रोगाचे कारण असेल, अशी शंका कोणी घेतली नाही.

हा धूर असतो तरी काय? लाकूड पूर्णपणे जळाले, तर त्यातून मुख्यतः पाण्याची वाफ आणि कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडते. परंतु साध्या चुलीत सर्व सरपणाला पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळत नाही. ज्वलन अपुरे राहते आणि अर्धवट जळालेले पदार्थ धुराच्या रूपाने बाहेर पडतात. त्यांत मुख्य घटक दोन. पहिला सूक्ष्म कणांचा. खिडकीतून आलेल्या कवडशात तरंगणारी धूळ डोळ्यांना दिसते. धुरातील बहुतेक कण त्याहूनही पुष्कळ लहान असतात. एक मिलिमीटरचे हजार भाग केले, तर एका भागाला मायक्रोमीटर म्हणतात. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण सर्वांत घातक मानले जातात. माणसाचा केस अशा कणाच्या वीस ते तीस पट जाड असतो. मोठी धूळ नाकातील केसांत आणि ओलाव्यात अडकते. हे सूक्ष्म कण मात्र फुप्फुसांच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि तेथे दाह उत्पन्न करतात.

दुसरा घटक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पण हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो. परिणामी श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. कडाक्याच्या थंडीत दारे-खिडक्या लावून, शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसे सकाळी मृतावस्थेत आढळल्याच्या वार्ता येतात, त्याचे कारण हेच. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून हा वायू निघतच असतो.

चुलीच्या धुराकडे रोगाचे कारण म्हणून पाहणाऱ्या भारतीय वैद्यांत डॉ. एस. पद्मावती यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. १९१७ साली ब्रह्मदेशात त्यांचा जन्म झाला. पुढे त्या भारतातील पहिल्या स्त्री-हृदयरोगतज्ज्ञ म्हणून ख्यातनाम झाल्या. फुप्फुसे जुनाट विकाराने निकामी होऊ लागली, म्हणजे त्यांतून रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडतो आणि ती दुबळी होते. दिल्लीतील अशा १२७ रुग्णांचा अभ्यास त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९५९ साली प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत हा विकार प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्या वयस्क पुरुषांत आढळे. दिल्लीत मात्र धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियाही त्याने मोठ्या संख्येने ग्रासलेल्या होत्या, आणि त्याही पुरुषांच्या मानाने कमी वयात. विडी-सिगारेट ओढत नसताना या स्त्रियांची फुप्फुसे कशाने झिजली? संशयाचे बोट स्वयंपाकघराकडे वळले.

संशय आला, तरी प्रमाण हवे होते. चुलीपुढे बसलेल्या स्त्रीच्या श्वासात किती धूर जातो, हे कोणीतरी मोजावयास हवे होते. हे काम १९८१ साली गुजरातमधील चार खेड्यांत झाले. कर्क स्मिथ हे अमेरिकन संशोधक आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी ३६ स्त्रियांच्या अंगावर हवा ओढून घेणारी लहान उपकरणे बसवली. स्त्रिया नेहमीप्रमाणे स्वयंपाक करीत राहिल्या आणि त्यांच्या श्वासाजवळची हवा उपकरणात जमा होत गेली. हिशोब निघाला तो चकित करणारा होता. स्वयंपाकाच्या वेळी एका घनमीटर हवेत सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम कण होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सूक्ष्म कणांसाठी ठरवलेली दिवसभराची मर्यादा आहे १५ मायक्रोग्रॅम. स्मिथ यांनी लहानमोठे सर्व कण मोजले होते आणि तेही स्वयंपाकाच्या वेळेपुरते; त्यामुळे हे दोन आकडे जसेच्या तसे ताडून पाहता येत नाहीत. तथापि दोहोंमधील अंतर किती प्रचंड आहे, हे त्यावरून सहज उमगते.

या संशोधनातून स्मिथ यांनी एक महत्त्वाचा विचार पुढे मांडला. धूर एकूण किती निघाला, यापेक्षा तो माणसाच्या श्वासात किती गेला, हे पाहिले पाहिजे. मूठभर मीठ विहिरीत टाकले तर पाण्याची चव बदलत नाही. तेच तांब्यात टाकले तर पाणी तोंडात धरवत नाही. उंच धुराड्यातून निघालेला धूर आकाशात पांगतो. चुलीचा धूर थोडा असला तरी तो श्वासाच्या तांब्यातच पडतो. जेथे माणसे, तेथेच धूर, आणि ज्या वेळी माणसे घरात, त्याच वेळी धूर. त्यातही सर्वाधिक वाटा आईचा आणि तिच्या जवळच्या बाळाचा. बालकाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद चालतो. त्याच्या वजनाच्या मानाने त्याच्या शरीरात जाणारी हवाही अधिक असते.

पुढचा प्रश्न असा, की धूर कमी केला तर रोग कमी होतो काय? याचे उत्तर शोधण्यासाठी स्मिथ आणि त्यांचे सहकारी मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशाच्या डोंगराळ मुलखात गेले. तेथील घरांतही लाकडांची उघडी चूल पेटे. ज्या घरांत गर्भवती स्त्री किंवा तान्हे मूल होते, अशी ५३४ घरे निवडण्यात आली. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे कोणताही पक्षपात न करता निम्म्या घरांना धुराडे असलेली चूल दिली; उरलेल्या घरांत जुनीच चूल राहिली. अभ्यास संपल्यावर त्यांनाही नवी चूल मिळाली. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नव्या चुलीच्या घरांत मुलांच्या श्वासात जाणारा कार्बन मोनॉक्साइड सुमारे निम्म्याने घटला. गंभीर स्वरूपाचा न्यूमोनिया सुमारे एकतृतीयांशाने कमी झाला. सर्व प्रकारचा न्यूमोनिया एकत्र धरला, तर मात्र झालेली घट खात्रीने सांगण्याइतकी मोठी नव्हती.

मग धुराडे पुरेसे नाही, चूलच बदलावी, असा विचार झाला. ग्वाटेमाला, भारत, पेरू आणि रुआंडा या चार देशांत ३,२०० गर्भवती स्त्रियांना घेऊन आणखी मोठा प्रयोग झाला. भारतातील घरे तामिळनाडूतील होती. निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि गॅस विनामूल्य पुरवण्यात आला. त्या घरांतील धूर खूपच कमी झाला. तरीही २०२२ आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बालकांचे जन्मतःचे वजन आणि त्यांना होणारा गंभीर न्यूमोनिया यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. संशोधकांच्या अपेक्षेविरुद्ध हे उत्तर आले. पण त्यांनी ते लपवले नाही, जसे आले तसे जगापुढे मांडले. शास्त्राची प्रतिष्ठा अशा सचोटीवरच उभी असते.

यावरून धूर निरुपद्रवी ठरला, असे मात्र कोणी समजू नये. हा प्रयोग थोड्या काळाचा होता आणि न्यूमोनिया व जन्मतःचे वजन यांवर इतरही अनेक गोष्टींचा परिणाम होतो. वर्षानुवर्षे धूर घेतल्याने होणारे विकार वेगळे आहेत. दम लागणारे जुनाट फुप्फुसविकार, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसांचा कर्करोग, मोतीबिंदू यांच्याशी घरातील धुराचा संबंध अनेक पाहण्यांत दिसून आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील प्रदूषित हवेमुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लाख ३७ हजारांहून अधिक होती.

भारतात धुराविरुद्धचे प्रयत्न जुने आहेत. १९८० नंतरच्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १ मे २०१६ रोजी गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तिच्याखाली १० कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. पण जोडणी मिळाली म्हणजे चूल विझली, असे नव्हे. सरपण रानातून वेचून आणता येते, सिलिंडर मात्र पैसे मोजून भरावा लागतो. म्हणून कित्येक घरांत चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर अशी वाटणी दिसते. चूल पेटवणाऱ्या आईला त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. तिला धूर आवडतो म्हणून ती चूल पेटवीत नाही. हाती असलेल्या साधनांनी ती घराची भूक भागवते. स्वच्छ इंधन तिला परवडेल अशी व्यवस्था करणे हे समाजाचे काम आहे.

गॅस आला तरी घरातील हवेची काळजी संपत नाही. डास पळवण्यासाठी लावलेली कॉइल रात्रभर धुमसत राहते. एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात, तेवढे पडण्यास ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. उदबत्ती, धूप आणि बंद खोलीत कोणी ओढलेली विडी यांचा धूरही शेवटी धूरच असतो. सुगंधाने त्याचा गुण बदलत नाही.

पेटेनकोफर यांची शिकवण येथे उपयोगी पडते: आधी कारण दूर करावे, मग खिडकी उघडावी. डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी. घरात कोणीही विडी-सिगारेट ओढू नये. चूल वापरावीच लागत असेल, तर सरपण वाळलेले असावे, चुलीवर धुराडे असावे आणि शक्य तर ती पडवीत किंवा अंगणात मांडावी. चूल पेटलेली असताना तान्ह्या मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवावे. मोठ्या भावंडांनी एवढे काम अंगावर घेतले, तरी आईला मोठी मदत होईल. गॅसची ज्योत पिवळी दिसू लागली, तर ज्वलन अपुरे होत आहे असे जाणून शेगडी साफ करून घ्यावी. पेटती शेगडी घेऊन बंद खोलीत कधीही झोपू नये. वर्गात मुले दाटीने बसलेली असतील, तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि दोन तासांच्या मध्ये हवा बदलू द्यावी.

धुराने काळ्या झालेल्या भिंतीवर वर्षातून एकदा चुना देता येतो. फुप्फुसांना असा चुना देता येत नाही. म्हणून घरात धूर कोठून येतो आणि तो कोणाच्या श्वासात जातो, हे घरातील प्रत्येकाने एकदा निरखून पाहावे, आणि जो धूर टाळता येण्याजोगा असेल, तो आजपासूनच टाळावा.